केशर अडली तेव्हा : कॉर्न स्नेकच्या एका मादीचं प्रकरण

केशरच्या वहीत २ एप्रिल २०२२ च्या पानावर माझ्या अक्षरात लिहिलंय : वय २ वर्षं ८ महिने, लांबी १०४ सेंटिमीटर, वजन ४०५ ग्रॅम. त्याखाली रेघ मारून दोन शब्द : ‘तयार आहे.’ त्या पानावरचे आकडे सगळे बरोबर आहेत. चुकलेत ते हे दोन शब्द, आणि त्यांची किंमत केशरनं मोजली. तेव्हापासून तिची वही मी कितीतरी वेळा पुन्हा वाचली. पहिल्यांदाच सापाची जोडी लावायला निघालेल्या कुणालातरी उपयोग होईल म्हणून त्यातलं सगळं इथे मांडते आहे.

केशर ही आमची कॉर्न स्नेकची मादी. आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो. कॉर्न स्नेक हा मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला बिनविषारी साप. आपल्याकडच्या तस्कर सापाच्या नात्यातला, उंदरांवर जगणारा, हाताळायला शांत. इथे तो पाळायला परवाना लागत नाही आणि घराघरात सापडतो. भारतातल्या वाचकांसाठी एक गोष्ट आधीच सांगते. तिथे नाग, धामण, अजगर, घोणस असे आपले साप १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत, ते घरात ठेवणं गुन्हा आहे आणि तसंच असायला हवं. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात कॉर्न स्नेक मुळातच रानात राहतो, म्हणून तिथे तो पाळायला बंदी आहे. मी लिहिते आहे ते पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच जन्मलेल्या सापाबद्दल.

केशर ऑगस्ट २०१९ मध्ये जन्मली. ऑक्टोबरमध्ये आमच्याकडे आली तेव्हा करंगळीपेक्षाही बारीक होती, ८ ग्रॅमची. गोठवलेले उंदीर कोमट पाण्यात वितळवून देत गेलो आणि ती नेमानं वाढत गेली. माझ्या मुलीनं नाव ठेवलं केशर, कारण पाठीवरचे डाग अगदी त्या रंगाचे.

साप पाळणाऱ्यांमध्ये कॉर्न स्नेकसाठी एक आकडा तोंडोतोंडी चालतो : तीन-तीन-तीन. मादी तीन वर्षांची, तीन फूट लांब आणि ३०० ग्रॅम वजनाची झाली की तिला नर दाखवायला हरकत नाही. हा नियम वाईट नाही. अनुभवातून आलेला आहे, आणि त्याच्या आत कुणी जोडी लावू नये असं बरेच जाणते सांगतात. मी मात्र त्याच्याकडे परीक्षेच्या पास मार्कांसारखं पाहिलं, आणि तेही लांबी-वजनापुरतंच; वयातले कमी पडणारे चार महिने सोडून दिले. ऑक्टोबर २०२१ मध्ये केशर २९० ग्रॅमची होती. दहा ग्रॅमच कमी, असं मनात आलं आणि तिथूनच घसरण सुरू झाली. आठवड्याला एक उंदीर होता, तो मी पाच दिवसांना केला, कधी दोन दिले. हिवाळ्यात तिला थंडीची झोप देणं टाळलं, कारण त्या दोन-अडीच महिन्यांत साप खात नाही आणि मला वजन हवं होतं. सहा महिन्यांत ११५ ग्रॅम वाढले. काटा पाहून मला आनंद व्हायचा. ते वजन अंगात नेमकं कुठे जातंय, हे मी पाहिलंच नाही.

माझे वडील, आबा, वाईजवळच्या आमच्या गावी असतात. चाळीसेक वर्षं गाई-म्हशी सांभाळल्या त्यांनी. एप्रिलमध्ये फोनवर सहज सांगितलं, की आबा, केशरला आता नर दाखवणार आहोत. सापाबद्दल त्यांना ममत्व नाही, पण जनावराबद्दल आहे. वय विचारलं, मी सांगितलं. मग म्हणाले, “आगं, कालवड माजावर आली म्हंजे लगीच वळूकडं न्यायची नसती. अंगानं भरली पायजे ती आदी.” मी म्हटलं, “आबा, भरलीय की, चारशे ग्रॅम झालीय.” ते म्हणाले, “भरली का फुगली, ते बघ म्हंजे झालं.”

मी बघितलं नाही.

२४ एप्रिलला, कात टाकून झाल्यावर आठवडाभरानं, ओळखीच्यांकडून आणलेला नर तिच्या पेटीत सोडला. तो तीन वर्षांचा, २३० ग्रॅमचा, निरोगी. आठ दिवसांत तीनदा जोडा जुळलेला पाहिला. मे महिन्याच्या मध्यावर केशरनं खाणं सोडलं, मागचा भाग भरत गेला. २६ मे रोजी अंडी घालण्याआधीची कात टाकली. कॉर्न स्नेकमध्ये ही कात म्हणजे घड्याळ असतं : तिथून साधारण आठ-दहा दिवसांत अंडी येतात. मी झाकणाला भोक पाडलेला एक डबा पेटीत ठेवला, आत ओलं शेवाळ घातलं. डबा लहान होता. तिला त्यात पूर्ण वेटोळं करता येत नव्हतं, हे मला फोटोंमध्ये नंतर दिसलं. त्या आठवड्यात ती डब्यात शिरायची, बाहेर यायची, रात्रभर पेटीच्या काचेला नाक घासत फिरायची. मला वाटलं, अशीच करत असेल. खरं म्हणजे ती जागा शोधत होती.

४ जूनच्या रात्री अंडी यायला लागली. सकाळपर्यंत ११ झाली. आम्ही तिघं पेटीसमोर बसून होतो, मुलगी एकेक मोजत होती. मग थांबलं. केशर डब्याबाहेर येऊन पडली आणि आम्ही समजलो, झालं. दुपारी हात फिरवला तेव्हा शेपटीच्या बाजूच्या तिसऱ्या हिश्शात दोन गाठी लागल्या. अंड्याएवढ्या, एकामागे एक.

गावाकडे गाय व्यायला बसली आणि वासरू येईना, तर ‘गाय अडली’ म्हणतात, आणि मग रात्र असो की पाऊस, माणसं पळतात. केशर अडली होती. मी मात्र पळाले नाही. तो रविवार होता, राणीच्या राज्यारोहणाच्या सत्तर वर्षांच्या सोहळ्याची चार दिवसांची सुट्टी चालू होती आणि सरपटणारे प्राणी जाणणारे डॉक्टर आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर. ही अडचण खरी होती. पण सोमवारी दवाखाना उघडला होता, तरी मी ‘आज बघू’ म्हणत कोमट पाण्यात बसवत राहिले. मंगळवारी, ७ जूनला, नेलं.

डॉक्टरीणबाईंनी आधी सोनोग्राफी केली. सापाच्या अंड्याचं कवच चामड्यासारखं, त्यात चुना कमी. क्ष-किरणांत ते अंधुक दिसतं, पण तोही फोटो काढला, कारण वाटेत कुठे हाड किंवा गाठ आडवी आली आहे का हे पाहायचं होतं. तसं काही नव्हतं. अंडी वेडीवाकडी नव्हती, फार मोठीही नव्हती. रस्ता मोकळा होता, ढकलणारा जोर संपला होता. सलाइन दिलं, अंग उबेत ठेवलं, कळा यायचं इंजेक्शन दिलं. ते कासवांवर जसं लागू पडतं तसं सापांवर पडेलच असं नाही, आणि जितका उशीर तितका त्याचा उपयोग कमी, हे त्यांनी तेव्हाच सांगितलं. रात्रभरात काही झालं नाही. ८ जूनला पोटाच्या खवल्यांमधून बारीक सुई घालून दोन्ही अंड्यांतलं द्रव ओढून घेतलं, म्हणजे ती आकसून सरकतील. त्यातलं एक दुसऱ्या दिवशी बाहेर आलं. दुसरं अंडनलिकेच्या भिंतीला धरून बसलं होतं. ११ जूनला भूल देऊन पोट उघडलं आणि ते काढलं.

१२ जूनच्या पानावर वजन आहे २६२ ग्रॅम. अंडी घालताना सुदृढ मादीचंही वजन बरंच उतरतं, तेवढ्यानं घाबरायचं नसतं. पण केशरच्या पाठीचा कणा बोटाला लागत होता आणि तरीही शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना चरबीच्या गाद्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी माझं बोट धरून त्या गाद्यांवर ठेवलं. “ही चरबी. आणि हा कणा. मध्ये जे असायला हवं होतं ते स्नायू कुठे आहेत?” मला आबांचा फोन आठवला.

त्या दिवशी त्यांनी जे समजावलं तेच या प्रकरणाचं सार, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मादीला अंडी धरता येणं आणि अंडी घालता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शरीर पिकलं की अंडी धरतात, तेवढ्याला दोन वर्षंही पुरतात. ती बाहेर ढकलायला मात्र अंगभर लांब, कमावलेले स्नायू लागतात आणि ते वेळेनं, चढण्या-सरपटण्यानं, बेतानं खाऊन येतात. घाईघाईनं भरवलेल्या सापाला लांबी मिळते, वजन मिळतं, ताकद मिळत नाही. उलट पोटात साठलेली चरबी अंडनलिकेची जागा अडवते. केशरच्या बाबतीत एकच कारण सांगता येत नाही. कोवळं वय, चरबी, लहानशा पेटीत चढायला एक फांदीही नसणं, शिवाय मनासारखी जागा न मिळाल्यानं रात्रीमागून रात्री फिरून झालेली दमछाक. अंडी घालायला जागा पटली नाही तर साप ती रोखून धरतो, हे त्यांच्याकडे नेहमी येणाऱ्या प्रकरणांमधलं एक होतं.

मग पाहायचं काय? चांगल्या अंगाचा कॉर्न स्नेक मध्यावर हातात धरला तर त्याचा आडवा छेद लादीपावाच्या एका पावासारखा असतो : वर गोलसर, खाली सपाट. कणा हलकासा जाणवतो, टोचत नाही. वेटोळं घातलेलं असताना खवल्यांच्या मधली कातडी दिसायला लागली किंवा मानेमागे वळ्या पडल्या, तर तो लठ्ठ. हातावरून जाताना घट्ट पकड घेतो का, फांदीवर अर्धं अंग हवेत तोलून पुढे जातो का, हे काट्यापेक्षा जास्त सांगून जातं. आणि काटा वापरायचाच, तर एका दिवसाचा आकडा बघायचा नाही. वर्षभर वजन जवळपास एका जागी राहिलं आहे का ते बघायचं. झपाट्यानं चढणारं वजन हे ‘थांबा’ सांगणारं लक्षण आहे. मी त्याचाच उत्सव केला होता.

केशर वाचली. टाके काढायला दीड महिना लागला, सापाची कातडी सावकाश भरते. पहिला उंदीर, अगदी लहानसा, तिनं २३ जूनला घेतला. त्या दिवशीच्या पानावर मी तारखेशिवाय काहीच लिहिलेलं नाही.

बाहेर आलेल्या ११ अंड्यांपैकी दोन पिवळी, सुरकुतलेली, वांझ होती. नऊ अंडी उबवणयंत्रात ठेवली, ओलसर वर्मिक्युलाइटमध्ये (पाणी धरून ठेवणारं हलकं खनिज), २८ अंशांवर. कॉर्न स्नेकची पिलं यायला साधारण दोन महिने लागतात. १८ आणि १९ जुलैला इंग्लंडमध्ये कधी नव्हे इतका उन्हाळा झाला. १९ तारखेला देशात पहिल्यांदा पारा ४० अंशांच्या वर गेला. उबवणयंत्र गरम करू शकतं, थंड करू शकत नाही. खोली तापली तसं यंत्राच्या आतलं तापमान ३३ वर गेलं. बर्फाच्या बाटल्या ओल्या फडक्यात गुंडाळून भोवती रचल्या, मग सगळं उचलून जिन्याखालच्या अंधाऱ्या कपाटात नेलं. त्या आठवड्यात तीन अंडी बुरशीनं गेली. ५ आणि ६ ऑगस्टला पाच पिलांनी कवच फोडलं. एक पूर्ण वाढून आतच मेलं. मादी तयार आहे का विचारताना घर तयार आहे का, हेही विचारायला हवं होतं.

आणि पिलं द्यायची कुणाला, हेही. दोन पिलं पहिले काही आठवडे खाईनात, एकाला पाचव्या आठवड्यात कुठे घास लागला. कॉर्न स्नेकची मादी एका खेपेला दहा-वीस अंडी सहज घालते. इंग्लंडमध्ये २०१८ च्या नियमांनुसार धंदा म्हणून पाळीव प्राणी विकायला परवाना लागतो, आणि घरापुरती हौस करणाऱ्यांकडेही गिऱ्हाइकांपेक्षा पिलं जास्त असतात. मला तीन चांगली घरं मिळायला चार महिने लागले. वीस असती तर? कॉर्न स्नेकच्या काही रंगांच्या वंशात मज्जासंस्थेचा एक दोष दडलेला असतो. तसं पिलू डोकं उलटं टाकून आकाशाकडे पाहत राहतं. आई-बापांची जनुकीय चाचणी करून तो टाळता येतो. आमची पिलं धडधाकट निघाली, पण मी चाचणी केली नव्हती. ते नशीब होतं.

२०२३ साली केशरला नर दाखवला नाही. पण एवढ्यानं धोका टळत नाही, हे मला केशर अडेपर्यंत ठाऊक नव्हतं. मादी नराशिवायही वांझ अंडी धरू शकते आणि त्यांनीही अडू शकते. शिवाय आधीच्या मिलनाचं बीज ती काही काळ अंगात साठवून ठेवते. त्यामुळे एका मिलनावर दोन खेपा येऊ शकतात, पहिलीतून सावरते न सावरते तोच दुसरी. काही जण त्याला भरभराट मानतात. पहिलटकरणीच्या बाबतीत मला तो अन्याय वाटतो. डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावरून २०२२ च्या जुलै-ऑगस्टमध्ये मी तिचं पोट दर आठवड्याला तपासत होते. दुसरी खेप आली नाही. मोठी पेटी केली, फांद्या लावल्या, उंदीर दहा-बारा दिवसांनी एक. २०२३ च्या अखेरीस ती ४४० ग्रॅमची झाली, आणि ते ४४० हाताला २०२२ च्या ४०५ पेक्षा अगदी वेगळे लागत होते.

मे २०२४ मध्ये तिनं नराशिवाय सहा वांझ अंडी घातली. पंधरा दिवस आधी सोनोग्राफी करून घेतली होती. यावेळी डबा तिच्या दीडपट वेटोळ्याएवढा, शेवाळ पिळून घेतलेलं, ओलसर, पेटीच्या उबदार बाजूला. ती एकदा आत शिरली ती अंडी घालूनच बाहेर आली. सहाही एका रात्रीत. पहाटे मी तिच्या पोटावरून बोट फिरवलं, शेपटीपासून मानेपर्यंत, दोनदा. कुठेही गाठ नव्हती.

मैत्रिणीनं विचारलं, मग आता नर दाखवायला काय हरकत? वय, अंग, वजन, सगळं आहे. बरोबर आहे, तिच्या अंगाबद्दल माझ्या मनात शंका उरलेली नाही. पण शस्त्रक्रिया झालेल्या अंडनलिकेवर व्रण असतो, आणि भरल्या पोटाच्या पंधरा अंड्यांना तो काय करेल हे सहा अंड्यांवरून ठरत नाही. डॉक्टरीणबाईंनी निर्णय माझ्यावर सोडला. केशरला मी पुन्हा नर दाखवणार नाही.

बॉल पायथन, म्हणजे आफ्रिकेतला एक लहान अजगर, पाळणाऱ्यांनी हे आकडे उचलून नेऊ नयेत. तो साप जाड अंगाचा; जाणते लोक मादीसाठी १५०० ग्रॅम आणि किमान तीन वर्षं धरतात. ती अंडी थोडी घालते, बहुधा चार ते सहा, पण मोठी. शिवाय अंड्यांभोवती वेटोळं घालून दोन महिने उपाशी बसू शकते. तिला साठा लागतो तो त्यासाठी. प्रत्येक जातीचं गणित निराळं. अंग हातानं तपासणं मात्र सगळीकडे सारखंच.

२०२२ च्या पाच पिलांतली दोन आमच्याकडे राहिली. त्यांतली एक मादी, अबोली. एप्रिल २०२५ मध्ये ती नेमकी त्याच वयाची झाली, ज्या वयात मी तिच्या आईच्या पानावर ते दोन शब्द लिहिले होते : २ वर्षं ८ महिने. लांबी १०१ सेंटिमीटर, वजन ३७२ ग्रॅम. तिला थंडीची झोप दिली होती, दहा आठवडे, १२-१३ अंशांवर, आधी पंधरा दिवस उपाशी ठेवून पोट रिकामं झाल्यावर. उठल्यावर कात टाकली आणि पेटीभर फिरायला लागली. नराला बोलावणारा वास तिच्या अंगाला असणार, कारण शेजारच्या पेटीतला तिचा भाऊ काचेला लागून होता. भाऊ-बहिणीची जोडी लावायचा प्रश्नच नव्हता. पण त्याच आठवड्यात एकानं फार देखणा, निरोगी, चाचणी केलेला नर देऊ केला.

आबांना फोन केला. सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, “चढती का?” मी म्हटलं, “चढते, आबा. छपरापर्यंत जाते.”

“मग काय घाई हाय? पुढल्या साली बी चढंल.”

मुलगी आता पंधरा वर्षांची आहे, वही तिच्या ताब्यात आहे. अबोलीचं पान तिनंच भरलं : वय, लांबी, वजन, गेल्या बारा महिन्यांत वजनात पडलेला फरक, पकड, पाठीचा आकार, पिलांसाठी नक्की ठरलेली घरं. शेवटच्या रकान्यात तिनं ० लिहिलं. मग पेन माझ्याकडे दिलं. मी खाली लिहिलं, ‘या वर्षी नाही’, आणि नर देऊ करणाऱ्याला तसं कळवलं.